शेजारच्या सीटचा ब्रेक

शेडमध्ये गाडी बंद उभी, किल्ली घरात खुंटीला, आणि गाडीचे मागचे ब्रेकचे दिवे मात्र लालभडक पेटलेले! शेजारणीनं भिंतीवरून हाक मारून सांगितलं तेव्हा मास्तरीणबाईंचा आधी विश्वासच बसला नाही. मग जाऊन बघितलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. उद्या परीक्षा, आणि गाडीला आजच हे सुचावं.

आता मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे बरं का. नवरा गाडी शिकवायचा क्लास चालवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणायचे, म्हणून ही मास्तरीण. गंमत अशी की सगळ्यांना गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या बायकोलाच गाडी येत नव्हती. मास्तर शिकवत नव्हते असं नाही, वर्षानुवर्षं शिकवत होते. पण चौक आला की गाडी गचकन थांबायची. उतार आला की थांबायची. लांबवर एखादी सायकल दिसली तरी थांबायची. "बघ, घाबरलीस. अजून कच्ची आहेस," असं म्हणून मास्तर परीक्षा पुढे ढकलायचे. बाईंनाही वाटायचं, आपल्याच पायात दम नाही.

मास्तर झोपेतच गेले, कुणाला हाकसुद्धा न मारता. भेटायला येणारे पांगल्यावर धाकटे दीर येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, गाडी आणि क्लास मी बघतो. तुम्हाला कुठे झेपणार ते?"

बाई कधी कुणाला उलटून बोलणाऱ्या नव्हत्या, पण त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे. "परीक्षा देते मी. पास झाले तर क्लास माझा. नापास झाले तर किल्ली तुमच्या हातात ठेवीन, एक अक्षर बोलणार नाही."

बोलून तर गेल्या, आता करून दाखवणं भाग होतं. आतेभावाच्या डबड्या व्हॅनवर त्यांनी रोज हात बसवला. त्या व्हॅनमध्ये चौकात गाडी आपोआप कधी थांबली नाही. असं का, हा विचार काही त्यांना शिवला नाही. परीक्षेला मात्र क्लासचीच गाडी लागायची, कारण तिला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. परीक्षेत त्या सीटवर इन्स्पेक्टर बसायचा, आणि त्याला तो ब्रेक मारावा लागला की माणूस नापास. तिथे मग रडून-भेकून उपयोग नाही.

तर तो आतेभाऊ दुपारी हत्यारांची पिशवी घेऊन आला. गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा, सगळे त्याला ठिणग्या म्हणायचे. शेडमध्ये अंधारच असायचा, त्यामुळे त्या दिव्यांनी मागची भिंत लाल झाली होती.

"एवढंच ना? पाच मिनिटांचं काम," म्हणत तो पेडलखाली डोकं घालून उताणा झाला. आतून त्याचा आवाज आला. "सापडलं बघ! पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो. पेडल वर आलं की त्याच्यावरचं रबराचं बूच हा स्विच दाबून धरतं, मग दिवा विझतो. तुझं बूच कुजून पडलंय. हा बघ चुरा."

त्यानं नवं बूच बसवलं. भिंतीवरचा लाल रंग पुसल्यासारखा गेला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"बस आता, एकदा दाबून सोडून बघ," ठिणग्या मागे जाऊन उभा राहिला. बाई बसल्या. "दाबलंस? लागले. आता सोड."

"सोडलंय."

"अगं सोड की!"

"अरे, सोडलंय म्हणते ना!"

"ताई, तुझा पाय आहे त्याच्यावर. दिवे काय खोटं बोलतात?"

बाईंनी वैतागून दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली आणि खिडकीतून ओरडल्या, "आता बोल!"

ठिणग्या पुढे आला, मांडीकडे बघितलं, मागे गेला, भिंतीकडे बघितलं. दिवे चालूच. मग तो स्वतः बसला, तर दिवे बंद. बाई बसल्या, चालू. तो बसला, बंद. तीनदा-चारदा हा खो-खो झाला. पहिल्यांदा दोघं हसले, मग कुणीच हसलं नाही.

"वजनानं कुठेतरी वायर दबत असेल," ठिणग्या स्वतःशीच पुटपुटला. सीट काढून बघितली, फ्यूज बघितला, वायर वीतभर वीतभर करून तपासली. सगळं ठणठणीत. शेवटी त्यानं बाईंना बसायला सांगितलं आणि शेजारचं दार उघडून खाली वाकला. तसाच वाकून राहिला.

"काय रे?"

"ताई, इकडचा ब्रेक दबलेला आहे."

"मग वर ओढ."

त्यानं पेडलखाली बोटं घालून ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं, मानेच्या शिरा फुगल्या. पेडल जरासं वर आलं आणि सावकाश, अगदी सावकाश, परत खाली गेलं. अडकलेली वस्तू अशी वागत नाही. ठिणग्यानं हात एकदम मागे घेतला आणि शर्टाला पुसला.

"स्प्रिंग गेली असेल," बाई म्हणाल्या.

"हो, स्प्रिंगच," तो म्हणाला. पण बाईंकडे न बघता.

त्यानं नवी स्प्रिंग घातली. बाई बसल्या, पेडल खाली गेलं, भिंत लाल झाली. ठिणग्याची पाचावर धारण बसली होती, तरी बिचारा कामाला चिकटून होता. त्यानं पेडलवरचं रबर बाईंना दाखवलं. चालवणाऱ्याच्या बाजूचं रबर अजून खडबडीत होतं. शेजारच्या सीटचं मात्र झिजून झिजून मधोमध खालचं लोखंड उघडं पडलं होतं.

"शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणाऱ्यानंच जास्त ब्रेक मारलाय, ताई."

बाई त्या लोखंडाकडे बघत राहिल्या. आणि मग एकेक चौक, एकेक उतार डोळ्यांपुढून गेला. गाडी थांबायची ती आपल्यामुळे नव्हे तर! आपल्या पायात दम होता. आपल्याला फक्त तो दिसू दिला नव्हता.

"दोन्ही पेडलांना जोडणारा दांडाच काढून टाकतो," ठिणग्या म्हणाला.

"नको. इन्स्पेक्टर निघण्याआधी तो ब्रेक तपासतो. तू जरा बाहेर जा."

"एकटी बसणार? इथे?"

"एकटी कुठे आहे मी," बाई म्हणाल्या. ठिणग्यानं पिशवी उचलली आणि तो जो बाहेर पडला तो थेट फाटकापाशी थांबला.

बाईंनी दार लावून घेतलं. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघायचा धीर होईना, म्हणून समोर बघून बोलल्या.

"अहो, पाय काढा."

शेडमध्ये गारठा जाणवायला लागला होता. आरशात लाल भिंत दिसत होती.

"इतकी वर्षं मला कच्ची म्हणालात. घाबरट मी नव्हते, तुम्ही होतात! माझं काही बरंवाईट होईल म्हणून घाबरत होतात, ते कळतंय मला. पण मग तसं सांगायचं होतं. उद्या इन्स्पेक्टर शेजारी असताना तुम्ही दाबलंत, तर तो माझ्याच नावावर मांडेल. भाओजी गाडी घेऊन जातील. मग कुणाला थांबवत बसणार तुम्ही, सांगा?"

दिवे विझले नाहीत. बाईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. राग राग केला, विनवलं, हात जोडले. शेजारची सीट करकरली, पण भिंत लाल ती लालच. शेवटी त्या थकून उठल्या आणि दार आपटून घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मैदानावर ठिणग्यानं नेली. फाटकाबाहेर दीर हाताची घडी घालून उभे होते. इन्स्पेक्टर जाडजूड, घामानं निथळलेला, कुणावर तरी आधीच चिडलेला. त्यानं बाहेरूनच वाकून शेजारचा ब्रेक हातानं दाबून बघितला, मान हलवली आणि कण्हत आत बसला. बाई बसल्या. आरशात बघायची हिंमत नव्हती, तरी बघितलं. मागे कार्यालयाची पांढरी भिंत होती. तिच्यावर लाल डाग होता.

"चला बाई, ब्रेकवरचा पाय काढा."

बाईंचा पाय खाली जमिनीवर होता. ओठ न हलवता त्या मनात म्हणाल्या, अहो, पाया पडते तुमच्या.

डाग गेला. बाईंनी क्लच सोडला आणि गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली. वळण झालं, मागे घेणं झालं, चढावर थांबून पुन्हा निघणं झालं. चौक आला, गाडी थांबली नाही. बाईंना ओरडावंसं वाटत होतं. शेवटच्या सरळ रस्त्यावर झुडपातून एक कुत्रं उसळलं आणि थेट चाकापुढे आलं. शेजारी इन्स्पेक्टर दचकून "अहो!" म्हणाला. बाईंचा पाय त्याच्याआधी ब्रेकवर पोचला होता. गाडी कुत्र्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. कुत्रं निघून गेलं.

गाडी जागेवर आणून लावली. इन्स्पेक्टर रुमालानं मान पुसत बसला. मग उतरला आणि दारात वाकून म्हणाला, "पास आहात. ब्रेक वेळेवर मारलात. पण ह्या बाजूला पायाशी काय ठेवलंय तुम्ही?"

"काही नाही. का हो?"

"काही नाही कसं? पाय ठेवायला जागा नाही, सगळा वेळ अवघडून बसलो. आणि कुत्रं आडवं आलं तेव्हा मी ब्रेकवर पाय टाकायला गेलो, तर पेडलपर्यंत पोचूच दिला नाही. आड काहीतरी होतं. कुणी पाय आडवा घालावा तसं." त्यानं आत नजर टाकली. खाली नुसती चटई होती. त्याचा चेहरा उतरला. "माझा पाय पडला असता, तर तुम्ही गेला होतात बाई," एवढं म्हणून तो झपाझप कार्यालयाकडे चालता झाला.

ठिणग्या धावत आला. "ताई! जमलं ना? तुझ्या दिराचं तोंड बघ एकदा!"

बाईंनी दिराकडे बघितलंच नाही. त्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत होत्या. "ठिणग्या, मागे जाऊन बघ. दिवे लागलेत?"

तो मागे गेला. "नाही. बंद आहेत."

"पाय खाली आहेत माझे. नीट बघ ना."

"नाही लागले ताई. गेला बघ फॉल्ट."

"भिंतीजवळ जाऊन बघ रे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "अजून एकदा बघ."