सव्वा मूठ गहू आणि बारा हजार किलोमीटर

यायचं नसतं तुम्हाला, आणि नाव पुढे करता माझं. "फार लांब आहे हो." झालं, सुटलात. लांब असणं हा माझा स्वभाव आहे, गुन्हा नाही.

मी सुरत ते टोरांटोचं अंतर बोलतोय. जगाच्या पाठीवर मी पहिल्यापासून पडून होतो, पण सुरतच्या उधन्यात मला कुणी विचारत नव्हतं. चार वर्षांपूर्वी चेतन शिकायला निघाला, तेव्हा त्याच्या बहिणीनं, हर्षदानं, मोबाइलला विचारलं आणि मी त्या घरात जन्मलो. विमानानं बारा हजार किलोमीटरच्या वर. मध्ये एक थांबा धरून साधारण एक दिवस.

त्याचे वडील गजेंद्र सुरतजवळ पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला. ते हसले. "एकच दिवस? आपली पॅसेंजर नंदुरबारला जायलाच अर्धा दिवस खाते."

मग माझा वापर सुरू झाला. चेतन दिवाळीला आला नाही, कारण मी. चुलतबहिणीच्या लग्नाला आला नाही, कारण पुन्हा मी. सुट्टीत मित्रांबरोबर पोर्तुगालात लिस्बनला गेला, तेव्हा टोरांटो ते लिस्बनचं अंतर मला हसत म्हणालं, "माझं नाव तर एकदाही घेतलं नाही त्यानं."

यंदा श्रावणात गाठ कानबाई देवीच्या सणाशी पडली. खानदेशी घरात कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट घरच्यांनीच संपवायचे. बायकांची मूठ का मोजत नाहीत, यावर मला बरंच बोलायचंय, पण अंतराचं कोण ऐकतं?

"मम्मी, यंदा माझे गहू नको घेऊस," चेतन फोनवर म्हणाला. "रोट उरतात, पप्पांना आठवडाभर तेच खावं लागतं. आणि मी किती लांब आहे, तुला माहितीये ना."

त्याच्या आईच्या, सरलाबाईंच्या, घरात मूठ वगळतात ती फक्त गेलेल्या माणसाची.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तूच सांग कानबाईला, मला काढून टाक म्हणून. मी नाही सांगणार."

हर्षदानं फोन ओढला. "दादा, लिस्बन कितीक लांब असतं रे?"

पलीकडून "मोज माझी मूठ," एवढंच आलं.

दोन दिवसांनी तिकिटाचा फोटो आला.

तर आता मी मरतोय. चेतन विमानात आहे आणि मी सारखा आखडत चाललोय. तो दारात उभा राहिला की मी शून्य. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. जाता जाता एकच मागणं आहे: मन नसेल तर मन नाही म्हणा, मला मध्ये ओढू नका.

तिकडे उधन्यात सरलाबाई सुपात गहू घेऊन बसल्या आहेत. गजेंद्रच्या नावाची सव्वा मूठ टाकून झाली. चेतनसाठी त्यांनी मूठ भरली, तोच शेजारच्या धुरपदाबाईंनी त्यांचा हात धरला.

"थांब ना वं माय. उद्या येस ना तो? त्यानी मूठ त्यालेच भरू दे."