घोडीच्या कानातले तीन शब्द

मला घोड्यांची भीती वाटते. आज कबूल करतोय, कारण गेली चाळीस वर्षं मी पालघरजवळच्या माहीममध्ये याच्या बरोबर उलट सांगत आलो. पालघर स्टेशन ते माहीम मी टांगा हाकायचो, माझ्या घोड्याला गाड्यांचं वेळापत्रक पाठ होतं, गाडी उशिरा असली तर तो तबेल्यातून पायच बाहेर टाकायचा नाही. आणि कितीही बिथरलेलं जनावर असो, त्याच्या कानात मी तीन शब्द सांगितले की ते शेळीसारखं माझ्या मागून यायचं. कोणते शब्द, असं कुणी विचारलं की मी डोळे मिटून म्हणायचो, गुरूचं वचन हाय, सांगता येत नाय. खरं म्हणजे मी जन्मभर पानवेली वाढवल्या. टांग्यात बसलो असेन दोनदा, दोन्ही वेळा मागच्या बाजूला.

माझ्या थापांनी कुणाचं वाईट झालं नाही. ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हायचा, एवढंच. पण ही एक थाप कुणाच्या तरी तोंडातून बोईसरला पोचली आणि भगवंताच्या दारात जाऊन उतरली.

भगवंत मूळचा साताऱ्याकडचा. तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढली, निवृत्त झाल्यावर एक पांढरी घोडी घेतली आणि वरातींना न्यायला लागला. घोडीचं नाव सुलू. हे त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव, आणि बहिणीला त्याचा अजून पत्ता नाही. बायको वारलेली, मुलगा इंद्रजीत कारखान्याच्या पाळ्यांत अडकलेला, तेव्हा घरात बोलायला ही सुलूच.

मागच्या माघात पाम गावातल्या एका लग्नात वरात मांडवाशी आली आणि कुणीतरी फटाक्यांची माळ घोडीच्या पायाशीच पेटवली. नवरदेव उतरून दोन पावलं गेला होता म्हणून वाचला. सुलू उधळली ती थेट काटेरी तारेत शिरली. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन टाके घातले, जखम भरली, पण त्यानंतर ती कुणालाच जवळ येऊ देईना. भगवंतालाही नाही. रस्त्यावर हॉर्न वाजला की ती तबेल्याच्या फळ्या फोडायची. शेवटी इंद्रजीतनं जनावरांच्या एका व्यापाऱ्याला ती विकायचा शब्द दिला. व्यापारी तिला नेऊन काय करणार, हे घरात कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. भगवंतानं हातापाया पडून दहा दिवस मागून घेतले. दहा दिवसांत घोडीनं गळ्यात दोरी घालू दिली तर ती राहील, नाहीतर रविवारी टेम्पो येईल.

आणि एका सकाळी सुलूला कशीबशी भाड्याच्या टेम्पोत घालून तो माझ्या वाडीच्या फाटकाशी उभा राहिला. भगवंतानं माझे पाय धरले. मी चहा पीत होतो. बायकोकडे पाहिलं. रखमेला माझ्या टांग्याचं सगळं खरं ठाऊक. ती म्हणाली, "जावा. सांगा तीन शब्द."

मागे चिकूच्या झाडांत बांबूच्या कुडाचं आवार आहे, तिथं टेम्पो मागे लावून दार उघडलं. सुलू उडी मारून उतरली आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत उभी राहिली. मीही इकडे थरथरत होतो, पण माझं धोतर सैल असल्यानं ते कुणाला दिसलं नाही. शब्द एकांतात सांगायचे असतात, असं ठणकावून मी भगवंताला घरी पाठवलं. मग आवाराच्या आत फाटकाला खेटून स्टूल ठेवलं, पळायला बरं पडावं म्हणून, आणि तिच्याकडे पाठ करून बसलो. तोंड करून बसलो असतो तर तिचे दात दिसले असते.

गप्प बसून भीती वाढायला लागली, तेव्हा बोलायला सुरुवात केली. मला येतं ते एकच. तिला टांग्याची गोष्ट सांगितली. माझ्या घोड्यानं एकदा स्टेशनमास्तरची चुकलेली सही कशी दाखवून दिली ते सांगितलं. हळू आवाजात, कारण रखमा भाजीच्या वाफ्यात होती आणि तिला ऐकू गेलं असतं तर तिनं मध्येच दुरुस्ती केली असती. तीन दिवस असं चाललं. सकाळी गवत टाकायचं, पाणी भरायचं, पाठ करून बसायचं, थापा मारायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मानेवर गरम श्वास आला. मी हललो नाही. यात माझा समजूतदारपणा काही नव्हता, पाय उचलतच नव्हते. पण गोष्ट थांबवायची छाती झाली नाही, म्हणून बोलत राहिलो. तिनं माझी टोपी हुंगली, फुर्र केलं आणि चिकूखाली जाऊन उभी राहिली. थरथर थांबली होती. तिची. माझी नाही.

त्याच संध्याकाळी भगवंत आला. आता राहवेना म्हणून. हातात चकचकीत स्टीलचं ताट, त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि वर गुळाचा खडा. तिला फार आवडते, म्हणाला. त्यानं फाटकातून पाऊल आत टाकलं आणि सुलू अशी उधळली की कुडावर आदळून गुडघा सोलवटला. भगवंत ताट धरून तसाच उभा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट, डाळ थोडी जास्त. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी गूळही जास्त. माझं दिवसभराचं काम तो संध्याकाळी पाच मिनिटांत मोडायचा आणि बसस्टॉपकडे जाताना म्हणायचा, "माझ्यावर रुसलीय. बरोबरच हाय तिचं."

हे असं शुक्रवारपर्यंत. रविवारला दोन दिवस उरले.

शुक्रवारी दुपारी रखमा माझं जेवण घेऊन आवाराशी आली. सुलू माझ्या मागेच उभी होती, कानापाशी माशा वारत. रखमेच्या हातातल्या ताटावर ऊन पडलं आणि घोडी वाऱ्यासारखी पलीकडे गेली. मी रखमेला म्हणालो, माझी गोष्ट रंगात आली होती, तू मध्येच आलीस.

"तुमच्या गोष्टीला ती नाय पळत," रखमा म्हणाली. "ती ताटाला पळते."

जेवण तिनं परत नेलं आणि केळीच्या पानावर घेऊन आली. सुलू जागची हलली नाही. मग तिनं कुडाच्या फटीतून त्याच पानावर मूठभर डाळ सरकवली. घोडीनं बराच वेळ पाहिलं आणि खाल्ली.

संध्याकाळी भगवंत ताट घेऊन आला तेव्हा रखमेनं त्याला फाटकाबाहेरच थांबवलं.

"भावजी, लग्नात घोडीला डाळ कोण भरवतं?"

"करवली," तो म्हणाला. "नवऱ्याची बहीण. चढायच्या आधी, ताटातनं."

"आणि मग?"

"मग बँड वाजतो. फटा..." एवढं बोलून तो थांबला. हातातल्या ताटाकडे पाहत राहिला. घोडीच्या कपाळावर तो करवल्यांसारखं कुंकू लावत नव्हता, एवढंच काय ते उरलं होतं. तीन दिवस माया म्हणून तो तिला वरातीचं आमंत्रण देत होता. ते ताट त्यानं आमच्या विहिरीमागे गवतात ठेवलं. ते अजून तिथंच असेल.

शनिवारी तो सकाळीच आला. रिकाम्या हातांनी, डाळ शर्टाच्या खिशात. मी त्याला माझ्या स्टुलावर पाठमोरा बसवलं. हात मांडीवर ठेव, म्हटलं, आणि ती आली तरी उचलू नको.

"बोलू काय, भाऊ?"

"कायपण. खोटं असलं तरी चालतं."

पण त्याला खोटं येत नव्हतं. मग तो बोलायला लागला, बहुतेक मी फाटकाशी आहे हे विसरूनच.

"सुलू, फटाका वाजला तेव्हा लगाम माझ्या हातात होता. सोडला असता तर तू समोरच्या मोकळ्या शेतात गेली असतीस. मी ओढला. दोन्ही हातांनी ओढला. तुझी मान वळली आणि तू तारेत गेलीस. इंद्रजीतला मी सांगितलं, घोडी स्वतःच तिकडं वळली. तसं नव्हतं."

मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलण्यासारखं काही असून गप्प बसलो.

ती लगेच आली वगैरे काही नाही. चिकूची सावली माझ्या पायावरून सरकून फाटकाच्या खांबावर गेली, तेवढा वेळ गेला. चार पावलं आली, परत गेली. पुन्हा आली, त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर थांबली. भगवंत बोलतच होता. शेवटी तिनं खांद्यावरून तोंड पुढं घातलं, खिशातली डाळ हुंगली आणि खिसाच दातांनी फाडला. त्यानं हात उचलले नाहीत. स्वतःचं तोंड मात्र दोन्ही तळव्यांत झाकून घ्यावंसं त्याला वाटत होतं, ते दिसत होतं. संध्याकाळी पानवेली बांधायची मऊ सुतळी दुहेरी करून त्यानं तिच्या गळ्यात घातली. तिनं कान मागे केले, पण उभी राहिली.

रविवारी इंद्रजीत टेम्पो आणि व्यापाऱ्याचा माणूस घेऊन आला. त्याला आवारात दिसलं ते असं, बाप पुढं चालतोय, घोडी मागं चालतेय आणि मधली सुतळी जमिनीपर्यंत सैल लोंबतेय. भगवंतानं तिथंच त्याला लगामाचं खरं काय ते सांगितलं. पोरगा वाईट नाही. त्यानं व्यापाऱ्याच्या माणसाला चहा पाजला, चिकूची एक पाटी दिली आणि रिकामा टेम्पो परत पाठवला.

सुलू आता आमच्याकडेच असते. वरातीला जात नाही. भगवंत एक दिवसाआड बसनं येतो. रखमेनं स्टीलची ताटं कपाटात बंद केली आहेत आणि आम्ही रोज केळीच्या पानावर जेवतो. पाहुणे विचारतात, आज कसला सण?

भगवंताला मी सगळं खरं सांगितलं. गुरू नव्हता, टांगा नव्हता, शब्द नव्हते, मला घोड्यांची भीती वाटते. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, "असू द्या भाऊ. विद्या अशीच लपवायची असते."

आणि बोईसरला जाऊन त्यानं तीन शब्दांची गोष्ट सांगितली. ऐकतोय की आता ते सात झालेत. काल कोळगावच्या कुणा झिपरूचा निरोप आला, त्याचा बैल माणूस दिसला की लाथ मारतो. मी घरात नव्हतो. रखमेनं त्याला परस्पर बुधवारी या म्हणून सांगितलंय, आणि स्टूल पुसून फाटकाशी ठेवलंय.