नरपडच्या वाडीतले गुडघाभर इंजिन

मित्रांनो, मी तुमच्या गुडघ्याएवढे आहे. हसून घ्या. सगळेच आधी हसतात. पण मी चावीचे खेळणे नाही आणि सेलवरही चालत नाही. मी खरा कोळसा खाते, पाणी पिते आणि वाफेवर धावते. माझ्यामागच्या बुटक्या डब्यांवर मोठी माणसे घोड्यावर बसल्यासारखी बसतात आणि मी त्यांना ओढून नेते. मी जुने झाले असले तरी माझा तोरा कमी झालेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म डहाणूजवळच्या नरपडला, चिकूच्या वाडीत झाला. मला घडवले जतीनकाकांनी. वाडी हे त्यांचे काम आणि आगगाडी हे त्यांचे वेड. लहानपणी शाळा बुडवून ते डहाणू रोड स्टेशनात वाफेची इंजिने बघत बसायचे. पुढे ती इंजिने बंद झाली. काकांना ते काही सोसेना. "स्टेशनातून गेलं तर गेलं, माझ्या वाडीत येईल," असे म्हणत त्यांनी चिकूच्या पेट्या ठेवायच्या खोलीत धातू कातायचा लेथ बसवला. भंगारातून पितळ आणले, तांब्याचा बॉयलर स्वतः जोडला, चाके घासून घासून गोल केली. कितीतरी पावसाळे त्यांनी माझ्यावर घालवले. मी पहिली शिट्टी मारली तेव्हा चिकू काढणारे गडी झाडांवरून भराभर खाली उतरले होते.

माझे रूळ झाडांमधून जातात, विहिरीला वळसा घालतात आणि मग बांधावर चढतात. तो चढ म्हणजे माझी शान! दिवाळीत पाहुण्यांची रांग लागायची. एकदा रेल्वेतले एक निवृत्त ड्रायव्हर आले आणि माझ्या धुराड्याशेजारी बराच वेळ डोळे पुसत बसले. त्या दिवशी मी जरा जास्तच शिट्ट्या मारल्या.

पुढे काकांचे गुडघे कुरकुरू लागले, नजर मंदावली. मग मला चालवायचे काम त्यांची सून भाविका करू लागली. ती मोठी हौशी. माझे तेलपाणी तिने कधी चुकवले नाही. तरी माझा जोर वर्षागणिक कमी होत गेला. चढावर मला धाप लागे. धुराड्यातून वाफेबरोबर पाण्याचे फवारे उडत. शेवटी मी चढाच्या पायथ्याशीच थांबू लागले. माझ्यावर ताडपत्री पडली. एका कोंबडीने माझ्या कोळशाच्या पेटीत अंडी घातली. माझ्या पेटीत! त्या दिवसाबद्दल मला जास्त बोलायचे नाही.

यंदा थंडीत एका रिसॉर्टचे मालक मला बघायला आले.

"काउंटरसमोर काचेच्या पेटीत ठेवू," ते म्हणाले. "धुराड्यात अगरबत्ती लावली की मस्त धूर येईल. लोक सेल्फी काढतील."

अगरबत्ती! शेगडी पेटलेली असती तर मी तिथेच त्यांच्या पायावर वाफ सोडली असती.

काकांनी ताडपत्री पुन्हा माझ्यावर ओढली. मग म्हणाले, "रविवारी मॉडेल ट्रेनवाले वाडीत जमणार आहेत. तेव्हा तुम्हीपण या. त्यांच्यासमोर चढ चढलं तर इंजिन इथेच राहील. नाही चढलं तर घेऊन जा. बॉयलर माझ्या हातचा आहे. माझाच हात कुठेतरी चुकला असणार."

काचेच्या पेटीपेक्षा हे शेवटचे वाक्य मला जास्त लागले. मी हरले तर मी वाडीतून जाणार होते आणि काका आयुष्यभराच्या कामाला नावे ठेवत मागे राहणार होते.

शनिवारी भाविकाची मैत्रीण दक्षा मदतीला आली. तिची समुद्रापासून दूर, रानशेत गावात भातशेती आहे आणि भाजीचा टेम्पो ती स्वतः चालवते. भाविका विहिरीच्या पाइपाने माझी टाकी भरत होती. दक्षाने तोच पाइप घेऊन चूळ भरली आणि लगेच थुंकली.

"ई! भाविका, मीठ कालवलंय का यात?"

"हळू बोल ना! पप्पा बसलेत तिकडे. अगं, हे वापरायचं पाणी आहे. पिण्याचं आत माठात असतं."

मित्रांनो, आमच्या किनाऱ्याकडे बऱ्याच घरांत पाणी असे दोन प्रकारचे असते. या वाडीतली विहीर काकांच्या आजोबांनी खणलेली. तिचे गोड पाणी पाजल्याशिवाय काका पाहुण्याला सोडत नसत. हळूहळू समुद्र तिच्यात शिरला. काकांचे मन मोडेल म्हणून घरच्यांनी काही सांगितले नाही, त्यांचा माठ ते गुपचूप नळाच्या पाण्याने भरत राहिले. चिकूला थोडे खारे चालते, भांड्यांना चालते, कपड्यांनाही चालवून घेतात. त्याच रांगेत त्यांनी मलाही बसवले! पिणाऱ्यांत मला कोणी धरलेच नाही. खारे पाणी बॉयलरमध्ये उकळले की फेसाळून धुराड्यातून उडते आणि आत क्षारांच्या खपल्या धरतात, मग जोर कुठून येणार? मी फवारे उडवून उडवून ओरडत होते, पण माझे ऐकतो कोण?

काकांची नजर मंदावली होती, कान मात्र शाबूत होते. ते काठी टेकत आले. ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी चाखले.

"कधीपासून?"

भाविकाचा चेहरा उतरला. "बरीच वर्षं झाली, पप्पा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"म्हणून माझ्या इंजिनाला खारं पाजलंत?"

मला वाटले, आता काका रागावणार. पण ते माझ्या बॉयलरवर थाप मारून मोठ्याने हसले. "म्हणजे माझा हात चुकला नव्हता! बॉयलर चांगला आहे! सोड ते पाणी, भाविका. सगळं सोड!"

मग काय गडबड उडाली! भाविकाने माझ्या पोटात लिंबूसत्त्वाचे पाणी भरले. आतून पांढऱ्या खपल्यांचा लगदा बाहेर पडला. दक्षा टेम्पो घेऊन रानशेतला गेली आणि आपल्या विहिरीच्या गोड पाण्याचे कॅन भरून परत आली. तो पहिला घोट मी विसरणार नाही.

रविवारी वाडी माणसांनी भरली. भाविका माझ्यामागे बसली आणि तिच्यामागच्या डब्यावर स्वतः काका. बाकीचे डबेही पाहुण्यांनी भरले. मी विहिरीचा वळसा घेतला आणि चढाला भिडले. निम्म्यावर रुळावर एक पिकला चिकू पडला होता. तो चिरडला आणि चाके जागीच गरगरली.

"रेती टाक!" काका ओरडले.

कडेला उभ्या असलेल्या दक्षाने धावत येऊन रुळांवर मूठभर वाळू भिरकावली. चाकांनी रूळ धरले. मग मी अशी सुटले की धुराड्याचा ठोका न ठोका नरपडभर ऐकू गेला असेल. बांधाच्या माथ्यावर पोहोचून मी लांबलचक शिट्टी मारली. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. काका रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

आम्ही खाली आलो तेव्हा रिसॉर्टचे मालक पुढे झाले. "मला एक फेरी मिळेल का?"

"मिळेल की," काका म्हणाले. "लाइनीत उभे राहा."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र असेल. ते थकले असे म्हणण्याआधी आपण त्याला काय पाजतो ते एकदा चाखून बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून खरे लपवू नका. तुम्हाला वाटते त्यापेक्षा ती पुष्कळ टणक असतात.