चहाबागेवरचा दगड

आमच्या इझमितच्या आखाताखालून गॅसची पाइपलाइन न्यायची होती आणि तिचा मार्ग आखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझा नकाशा बघून आमचे साहेब, ज्यांना आम्ही सगळे हालूक अबी, म्हणजे हालूकदादा, म्हणतो, ते म्हणाले, "नेव्हिन, ही बया इथं कंबर का मुरडतेय? लग्नात नाचायला निघालीय का?"

मी थातूरमातूर उत्तर दिलं. खरं म्हणजे सरळ रेष बुडालेल्या चहाबागेवरून, लोक झाडांखाली चहा प्यायला बसायचे त्या बागेवरून, जात होती. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये रात्री झालेल्या भूकंपात किनाऱ्याचा तो तुकडा झाडं, बाकं, माणसांसकट समुद्रात घसरला. त्याच रात्री माझा धाकटा भाऊ केनान पहाटेच्या बसनं सैन्यात भरती व्हायला निघाला होता. बस येईपर्यंत तो मित्रांबरोबर तिथं चहा पीत बसला. घरून निघताना आईनं रिवाजाप्रमाणे त्याच्या पाठीमागे सुरईभर पाणी ओतलं होतं, "पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये" म्हणत. तो सापडलाच नाही. त्यानंतर आईनं कुणाच्याच मागे पाणी ओतलं नाही.

त्याच्या अंगावर खोदकाम करायला माझा हात धजेना. म्हणून तो वळसा.

रविवारी शेंगा सोलता सोलता आईनंच विषय काढला.

"तुझी लाइन चहाबागेवरून जाणार, असं शेजारची हमीदे म्हणत होती."

"नाही जाणार. वळसा घातलाय."

"वळशाला काही धोका नाही ना?"

आईशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही. "तिथली वाळू भुसभुशीत आहे. भूकंपात ती खिरीसारखी पातळ होते. मग आतला पोकळ पाइप वर उचलला जातो. फुटूही शकतो."

"वर येतो?"

"हलकं असेल ते वर येतं, आई."

तिचे हात थांबले. "मग माझा केनान काय जड होता गं? नुसती हाडं होती त्याची."

मी तिच्या पुढ्यातली टरफलं गोळा करायला लागले.

तिनं पुन्हा शेंग उचलली. "फुटला तर हमीदेची नातवंडं किनाऱ्यावरच राहतात. सरळ नेलास तर?"

"तिथं घसरायचं ते घसरून गेलंय, खाली घट्ट माती आहे. पाइप उठू नये म्हणून वर जड दगडांचा थर घालतात."

"त्याच्यावर दगड?"

"हो."

आता ती भडकणार, असं वाटलं. पण ती हळूच म्हणाली, "मग सरळच ने. लोकांच्या पोरांच्या कबरींवर दगड आहेत. माझ्या पोरावर ठेवायला मला जागाच मिळाली नाही. तू ठेव."

सोमवारी मी वळसा पुसला. हालूक अबींनी नकाशा पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा मागवला. थट्टा केली नाही.

जहाजानं दगड सोडायला सुरुवात केली त्या दिवशी आई धक्क्यावर आली. हातात तीच सुरई होती. कबरीवर पाणी घालतात तसं तिनं ते सावकाश समुद्रात ओतलं.

"पाण्यासारखा जा," ती म्हणाली.

पुढचं ती बोलली नाही.