पाटातली बाई

दिराने पहार घालून पाटातला दगड काढून काठावर उलटा केला आणि थोरलीच्या रानाचं पाणी सकाळी सकाळीच तुटलं.

हा दगड सासऱ्याने घातलेला. पाटाच्या मधोमध, पालथा. त्यावर आपटून पाणी दोन्हीकडे फुटायचं. अर्धं थोरलीच्या मिरच्यांना, अर्धं धाकट्या दिराच्या मक्याला. थोरलीला नवरा नव्हता, पोट मिरच्यांवरच. ती खुरपं घेऊनच धावली.

"दगडाला हात का लावलास?"

दीर चिखलात गुडघे टेकून बसला होता. दगडाच्या खालच्या अंगाला बाई कोरलेली होती. गोल चेहरा, कानात भलीमोठी कुंडलं, हात जोडलेले.

"वहिनी, देवी निघाली. आता हिला पुन्हा पाण्यात घालायची नाही. पाप लागेल."

"आणि माझं पाणी?"

"देवीची इच्छा."

देवीला मका फारच आवडत असावा. दगड निघाल्यापासून सगळं पाणी उताराने तिकडेच चाललं होतं.

आठ दिवसांत मिरच्यांनी माना टाकल्या. गाव येऊन दगडाला फुलं वाहत होतं, जाताना तिच्याच वाफ्यातून वाट काढत होतं. थोरलीचा जीव नुसता जळत होता. नवव्या दिवशी संग्रहालयाचे साहेब आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दगड निरखला.

"देवी नाही ही. साधी भक्तीण आहे. हजारेक वर्षांपूर्वी कुणा देवासमोर बसवलेली. देव गेला, ही राहिली."

दिराचा चेहरा पडला. "म्हणजे आम्ही आठ दिवस एका बाईच्या पाया पडत होतो?"

"माझ्या मात्र कधी पडला नाहीस," थोरली म्हणाली.

साहेबांना दगड न्यायचा होता. पाट दोघांचा, म्हणून सह्या दोघांच्या हव्या होत्या. दिराने तोंड वाकडं करून केली. थोरलीने पेन परत दिलं.

"आधी पाटात सिमेंटचा बांध घाला. दोन तोंडं, सारखी."

"बाई, आमच्या खात्यात तशी सोय नाही. तुम्ही विनंती अर्ज करा."

"हिनं हजार वर्षं विनंतीच केली. तोंड चिखलात गेलं. मी सही करत नाही."

साहेबांनी दुपारपर्यंत शेताच्या बांधावर बसून घाम पुसला, मग गवंड्याला बोलावणं धाडलं. तिसऱ्या दिवशी बांध सुकला. थोरलीने दोन्ही तोंडं स्वतःच्या वितीने मोजली, साहेबांना कागद धरून उभं ठेवलं आणि मगच सही केली.

ट्रक हलला. मागे दगडी बाई हात जोडून बसलेली. तिला पाहून दिराचेही हात सवयीने जुळले. थोरलीचे हात कोपरापर्यंत चिखलात होते. ती मिरच्यांचं पाणी मोकळं करत होती.