सखूने मला हरवलेलं नाही

सखूने मला नारळात हरवलं असं बंदरावर कोणी सांगत असेल, तर ते साफ खोटं आहे. तिचा नारळ माझ्या नारळाला लागलासुद्धा नाही! काय झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

नारळी पौर्णिमेला आमच्या रत्नागिरीच्या बंदरावर बायकांची नारळ लढवायची स्पर्धा असते. एकीने आपला नारळ हातात घट्ट धरायचा, दुसरीने आपला त्यावर हाणायचा, मग उलट. जिचा फुटला ती बाहेर. नारळ शेवटपर्यंत एकच, बदलायचा नाही. माझं माहेर पावसचं, माडांखालीच वाढले मी. कुठला नारळ करवंटीने जाड ते मला हातात घेतल्यावर कळतं. लग्न होऊन आले तशी दोनदा मीच जिंकले इथे. मग सासूबाईंचं सुरू झालं आणि चार वर्षं मी त्या स्पर्धेचं तोंड पाहिलं नाही.

सासूबाई म्हणजे आनंदीबाई. एके काळी अख्ख्या मासळीबाजारात त्यांच्यासमोर तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती. आता डॉक्टरांनी डिमेन्शिया असं नाव दिलंय. नाव देऊन काय होतं? दार उघडून चालू लागतात म्हणून झोपताना माझ्या साडीचा पदर त्यांच्या मनगटाला बांधते मी. चहाचा कप विसळून होत नाही तोवर, “मला मेलीला कोण चहा पण देत नाय.” अंघोळीला न्यायचं तर रोज महाभारत. माझा खांदा गेला, झोप गेली, शेजारणींशी दोन शब्द बोलणं गेलं. नवरा अनिल बोटीवर. आठ-आठ दिवस दर्यात. घरी असला की आईचे पाय चेपतो, नाही म्हणत नाही मी. पण परत बोटीवर जायची वेळ आली की त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसतं ना, तेव्हा डोकं फिरतं माझं.

पण खरी आग कशाची होते ते ऐका. बाहेरचं माणूस आलं की आनंदीबाई एकदम ठणठणीत! “ये गो, बस. पोरं बरी हायत? सुरमई काय भावाने मिळते?” ते माणूस खूश होऊन जातं आणि जाताना माझ्याकडे असं बघतं की बाई, काय तू बोंब मारत असतेस! माझ्या नणंदेचं नाव पूर्वी, भांडुपला असते, ती फोनवर म्हणायची, “वैनी, आई तर किती छान बोलते. तू उगाच टेन्शन घेतेस.” एकदा तर अनिलला म्हणाली, “वैनीला आता आईचा कंटाळा आलाय, बाकी काय नाय.” फोन स्पीकरवर होता. मी भाकरी थापत होते. ती भाकरी परातीतच राहिली.

त्या दिवसापासून माझ्या तोंडात एकच वाक्य तयार होतं. बघा, आता बघा! कोणीतरी एकदा डोळ्यांनी बघावं आणि मी ते वाक्य फेकावं, बस्स. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

यंदा पूर्वी सणाला आली. अनिल दर्यात होता, पावसाळी बंदी उठताच त्याची बोट गेली होती. मी नारळीभात केला, सगळ्यांना वाढला, आणि तांदळाच्या डब्यात महिनाभर जपून ठेवलेला माझा नारळ बाहेर काढला. लहानसा, गोल, दगड नुसता!

“पूर्वी, मी बंदरावर चालले. आई तुझ्याकडे.”

“जा की वैनी, बिनधास्त जा. आम्ही मायलेकी गप्पा मारतो.”

“मार हां गप्पा,” मी म्हटलं, आणि चप्पल घालून सुटले ती सुटलेच. अहो, किती दिवसांनी हात हलवत चालत होते मी! कोणाचं मनगट हातात नाही, मागे वळून बघायचं नाही. बंदरावर बोटींना पताका, ढोल, नव्या साड्या, मासळीचा वास. मला नाचावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

माइकवर विनोद होता, आमच्याच वाडीतला. “अरे, नम्रतावहिनी आल्या! आता काय खरं नाय कोणाचं!” असा ओरडला की सगळ्या बायका वळल्या. पहिली आली, तिचा एका दणक्यात फुटला. दुसरीचाही फुटला, पाणी माझ्या कोपरापर्यंत. तिसरी जाड हाताची होती, तिने माझ्या नारळावर असा हाणला की माझे दात वाजले, पण नारळाला चरा नाही! मग मी हाणला. फट्ट! दोन तुकडे. खांदा दुखतोय म्हणून कुठे आठवतंय मला? मी ओरडत होते, हसत होते. हसता येतं की अजून, म्हटलं.

शेवटी उरलो मी आणि सखू. सखू म्हणजे बाजारातली सगळ्यात दांडगी मासेवाली, गेल्या तीन वर्षांची विजेती. “माझ्या गैरहजेरीतली,” मी म्हटलं. “ये गो, बोलू नको, नारळ धर,” सखू म्हणाली. गर्दी नुसती पेटली.

आणि तेवढ्यात गर्दीतून पूर्वी आली, आईंचा हात धरून.

आई कशा? केस चापून बसवलेले, हिरवी नऊवारी, चेहरा कसा टवटवीत! दोन्ही बाजूंना बायकांना विचारतायत, “काय गो, बरी हायस?” बायका म्हणतायत, “आनंदीबाई, तुमच्याकडे बघून कोण म्हणेल आजारी म्हणून!” पूर्वीने माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, बघ, मी सांगत नव्हते? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, या सगळ्याचा राग आता सखूच्या नारळावर काढते. पहिला हात माझाच होता. सखूने नारळ धरला. मी हात वर उचलला.

“थांब!”

आई रिंगणात शिरल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं. जोर केवढा!

“नारळ फोडतेस? अजून दर्याला दिला नाय आणि फोडतेस? पोरांचे बाबा बोटीवर हायत! काही झालं म्हणजे?”

ढोल थांबला. पोरांचे बाबा म्हणजे माझे सासरे, विठू तांडेल. ते जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांना खांदा दिलेली माणसं त्या गर्दीत उभी होती. विनोदने माइक खाली केला. आई एकेकीच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि आत्तापर्यंतचा तो टवटवीत चेहरा बघता बघता उतरला.

पूर्वी पुढे आली. “आई, असं काय करतेस? बाबा तर...”

“ही कोण?” आई माझ्या मागे सरकल्या. माझा पदर त्यांनी मुठीत धरला. “ही बाई मघापासून माझा हात धरून फिरवतेय. मला हिच्याबरोबर नाय जायचं. मला घरी ने.”

झालं! सगळ्यांच्या समोर! सगळी वाडी, सगळा बाजार, आणि पूर्वी, तीही पांढरीफटक. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या समोर घडत होतं. वाक्य माझ्या जिभेवर होतं. नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं.

पूर्वीने पुन्हा सुरू केलं, “अगं आई, मी पूर्वी. बाबा गेले ना आपले, तू विसर...”

“गप्प!” मी अशी ओरडले की सखूसुद्धा दचकली. “त्यांना ते सांगायचं नाही. सांगितलं की त्यांना ते दरवेळी नव्यानेच कळतं. मग त्या तेवढ्याच रडतात, जेवढ्या तेव्हा रडल्या होत्या. मी दोनदा सांगून बघितलंय. आता नाही सांगत.”

मग मी आईंकडे वळले. “बरोबर आहे तुमचं, आई. नारळ द्यायचा राहिलाच. चला, आत्ता देऊ.”

“नम्रतावहिनी,” विनोद हळूच म्हणाला, “नारळ बदलता येत नाय हां. बाहेर व्हाल.”

“माहीत आहे रे बाबा मला नियम!” मी खेकसले. आणि हो, जीव तुटला माझा. दगडासारखा नारळ, एकच दणका बाकी होता. माझा एकच दिवस होता वर्षातला. पण फुटका नारळ दर्याला चालत नाही, आणि आमच्याजवळ अख्खा हा एवढाच होता.

गर्दीने वाट दिली. धक्क्याच्या कडेला आईंनी तो नारळ दोन्ही हातांनी कपाळाला लावला, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि पाण्यात सोडला. बुडाला, वर आला, लाटेबरोबर निघाला. आई बघत राहिल्या. “आता येतील,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “येतील.” अनिलसाठी मीही हात जोडले, कारण माझाही माणूस दर्यातच होता. मागे सखू रडत होती, एवढी दांडगी बाई! “अशी जिंकून काय करू गो मी? पुढल्या वर्षी ये, मग बघते तुला,” म्हणाली. म्हटलं, येते तर येतेच.

घरी येताना आई माझ्या हाताला, आणि पूर्वी दोन पावलं मागे. आईंना पुन्हा भीती वाटू नये म्हणून. पोरगी आईच्या पाठीकडे बघत चालत होती. मला तिचा राग आठवून आठवून आणावा लागत होता, आणि येत नव्हता. “ही कोण” हे ऐकणं मला रोजचंच आहे. तिला पहिल्यांदाच होतं, आणि तेही स्वतःच्या आईकडून.

दारात चप्पल काढताना ती म्हणाली, “वैनी.”

“काय?”

“उद्याचं तिकीट मी रद्द करते. महिनाभर राहते.” मग खाली बघत म्हणाली, “आईला अंघोळ कशी घालायची ते सकाळी शिकव मला. आणि आज रात्री आईच्या मनगटाला तुझा पदर नको. माझ्या साडीचा बांधते.”

“त्या तुला ओळखत नाहीत. ओरडतील.”

“ओरडू दे.”

मी माझं अंथरूण उचललं आणि दुसऱ्या खोलीत टाकलं. चार वर्षांत पहिल्यांदाच, कूस बदलली तेव्हा पदराला ओढ बसली नाही.