ऐकू न आलेलं नाव

पेन्सिलीचं टोक कागदावर टेकून राहिलेलं, आणि त्याच्या मागे अर्धाच शब्द — '...व्वा'.

जिल्हा कचेरीच्या वायरलेस खोलीत सिद्धप्पाच्या हेडफोनमधली खरखर चालूच होती. केमजवळच्या दुष्काळी कामावरून वायरलेसवर तिथला ऑपरेटर कासीम बोलत होता : विहिरीची दरड ढासळली, दोन बायका दबल्या, बाहेर काढल्यात, जिवंत आहेत, डॉक्टर पाठवा. नावंही सांगितली होती त्यानं. पण एक नाव त्या खरखरीत बुडालं, आणि दुसऱ्याचं नुसतं शेपूट त्याच्या हाती लागलं.

पुन्हा सांग — एवढंच म्हणायचं. सतरा वर्षं तो हेच म्हणत आला होता. पण मागच्या आठवड्यात साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, "तुम्ही शब्दन् शब्द परत विचारत बसता सिद्धप्पा, आणि तिकडे पाच गावांचे टँकरचे निरोप खोळंबतात. मतलब कळला की पुढे चला." आणि साहेबांचं चुकत नव्हतं, हेच तर... आठवडाभर सगळ्या गावांचे निरोप दुपारच्या आत पोचत होते.

त्यानं मतलब तेवढा लिहून दिला. दहा मिनिटांत डॉक्टरांची जीप फाटकाबाहेर पडली.

जीप कशासाठी गेली ते फाटकावर कळलं, म्हणून शुक्रवार पेठेतला नागप्पा धावत आत आला. दारातच थांबला.

"माजी भन हाय वो तितं कामावर. चंद्रव्वा. नाव आलंय का?"

सिद्धप्पानं नकळत कागदावर हात ठेवला. नाव... त्याला आठवलं : बायको, पार्वतम्मा, बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हा रेल्वेच्या फोनवरून निरोप आला होता. मुलगी झाली, असं ऐकलं मी. पेढे वाटले. संध्याकाळी सासरे आले, ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं — तेव्हा कळलं, पलीकडचा माणूस 'मूल गेलं' म्हणाला होता. सहा तास मी एका मुलीचा बाप होतो. तेव्हापासून एकही शब्द परत विचारल्याशिवाय सोडला नाही.

त्यानं कागदावरचा हात काढला.

"दोघी जिवंत आहेत. डॉक्टर निघालेत. एक नाव ऐकू आलंच नाही. दुसऱ्याच्या शेवटी 'व्वा' आहे. त्याच्या अलीकडचं मला माहीत नाही."

"तितं निम्म्या बायका व्वाच हायत की," नागप्पा म्हणाला. मग हळूच, "परत इचारता का?"

"करमाळा बोलतोय आता. टँकरचं आहे."

नागप्पा हेडफोनकडे बघत राहिला. "पान्याचं हाय व्हय... मग घ्या ते आदी. मी गाडी बघतो केमची." आणि गेलासुद्धा.

करमाळ्याच्या निरोपात मधलाच एक शब्द गेला. सिद्धप्पानं तिथे रेघ ओढली, पुढचं लिहिलं. एरवी अशी रिकामी जागा त्याला दिवसभर टोचली असती. आता तो तिच्याकडे नुसता बघत होता... इतकी वर्षं आपण नेमकं ऐकत होतो, की घाबरत होतो फक्त?

कासीमची पाळी यायला अजून तीन गावं होती. तेव्हा नाव परत विचारायचंच होतं; पण तोवर आपल्याला थांबता येतंय, याचंच त्याला नवल वाटत राहिलं.